वाटीचं वजन

पहाटे पाच

केंद्राचं शटर अर्धं वर केलं की आधी काटा. तीस किलोचा मोठा काटा चालू करायचा, रिकामा असताना शून्य दाखवतो का बघायचं, मग त्यावर एक किलोचं लोखंडी वजन ठेवायचं. आकडा बरोबर आला की कामाला लागायचं. या काट्याची दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. शेजारी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आहे, तो फक्त आतल्या कामाचा. त्यावर तोलून गिऱ्हाइकाला माल देता येत नाही.

पिंपळे सौदागरमध्ये कुणाल आयकॉन रस्त्याच्या आतल्या बाजूला, सोसायटीखालच्या गाळ्यात माझं पोळीभाजी केंद्र आहे. वर्षभर डबे, आणि दिवाळीआधीचे पंधरा दिवस डब्यांबरोबर फराळ. आमच्या धंद्यात माल किलोने येतो, पाककृती वाटीने सांगितलेली असते, तेल कधी लिटरने तर कधी किलोने मिळतं आणि गिऱ्हाईक पुन्हा किलोनेच मागतं. त्यामुळे सकाळपासून रात्रीपर्यंत माझं निम्मं डोकं वाटीचे ग्रॅम आणि ग्रॅमच्या वाट्या करण्यात गुंतलेलं असतं.

कणकेचं गणित सोपं आहे. एक किलो पिठाला साधारण सहाशे ग्रॅम पाणी. हो, पाणीही मी तोलूनच घेते. एक मिलिलिटर पाण्याचं वजन एक ग्रॅम, त्यामुळे परात काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला की सरळ ओतता येतं. मळलेली कणीक सोळाशे ग्रॅम भरते, आणि चाळीस ग्रॅमच्या गोळ्याने चाळीस पोळ्या होतात. गहू बदलला किंवा हवा कोरडी झाली की पाणी थोडं इकडेतिकडे करावं लागतं. ते रहाटणीहून येणाऱ्या मावशींच्या हाताला माझ्या काट्याआधी कळतं.

साडेसहा

चाकणच्या कंपन्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांचे डबे तोवर निघालेले असतात. हिंजवडीच्या आयटीवाल्यांचे अजून दोन-अडीच तासांनी. मधल्या वेळात चहा. दुधाची पिशवी अर्ध्या लिटरची, पण काट्यावर ठेवली तर आतलं दूध पाचशे पंधरा ग्रॅमच्या आसपास भरतं, कारण दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं. चहाला याने काही फरक पडत नाही. मात्र पन्नास लिटर दूध आटवून किती किलो खवा पडेल याचा हिशेब करणाऱ्याला हा दीड किलोचा फरक धरावाच लागतो.

आठ

भाताचं पातेलं. घरी आपण वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी घेतो आणि ते बरोबरच असतं. पण तांदूळ किलोने मोजून पाणी लिटरने घातलं की गडबड होते. माझी मापाची वाटी दीडशे मिलीची. कुठलीही वाटी केवढी हे ओळखायला रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि काठोकाठ पाणी भरायचं. जितके ग्रॅम, तितके मिली. या वाटीत तांदूळ सव्वाशे ग्रॅमच्या आसपास मावतो. म्हणजे किलोभर तांदूळ झाला आठ वाट्या, आणि त्याला सोळा वाट्या पाणी म्हणजे दोन लिटर चारशे मिली. ‘एकास दोन’ लक्षात ठेवून कुणी किलोला दोनच लिटर ओतलं तर पाणी चारशे मिलीने कमी घातलं जातं.

यात आणखी एक मेख आहे. मोठ्या पातेल्यात तांदळाच्या मानाने वाफ कमी जाते, म्हणून पाच किलो तांदळाला पूर्ण हिशेबाचं पाणी घातलं तर भात गिचका होतो. मी किलोला सव्वादोन लिटरवर थांबते, नव्या तांदळाला त्याहूनही कमी. प्रमाण वाढवताना गुणाकार करावा, पण पाण्याचा गुणाकार हात राखून करावा.

साडेनऊ

पिंपरी कॅम्पात तेल आणायला. फराळाच्या दिवसांत पिशव्यांवर भागत नाही, डबाच लागतो. दुकानात दोन डबे शेजारीशेजारी असतात, दिसायला भावासारखे. एकावर लिहिलेलं असतं १५ किलो, दुसऱ्यावर १५ लिटर. घाईत असलेला माणूस पंधराचा आकडा बघतो, भाव विचारतो आणि स्वस्त तो उचलतो. पण खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल तेरा किलो साडेसहाशे ग्रॅम, आणि १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरच्या जवळपास. फरक एक किलो साडेतीनशे ग्रॅमचा. दोन्ही डबे खरेच आहेत, दोन्हींवर खरंच लिहिलेलं आहे. वाचायची जबाबदारी आपली.

तेलाचं आकारमान उष्णतेने वाढतं, म्हणून लिटर हे माप तापमानावर हलतं. लिटरभर सोयाबीन तेल २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम भरतं, तर ६० अंशांना ८९३ ग्रॅमच्या आसपास. काही कंपन्या पिशवीवर आकारमानाशेजारी चढं तापमान छापत. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने तापमानाचा उल्लेख काढून आकारमान आणि वजन दोन्ही नीट छापायला सांगितलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. तेल घेताना लिटरचा आकडा सोडून द्यावा आणि ग्रॅमचा वाचावा. सगळ्या पिशव्यांचं वजन सारखं असतं असं धरून चालू नये.

अकरा

भाजणी. दिवसातलं माझं सर्वांत आवडतं काम हेच, आणि वाटी-काट्याचं सगळं शहाणपण याच कामात आहे.

चकलीची भाजणी आमच्या घरात अशी: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभराडाळ, एक वाटी उडीदडाळ, अर्धी वाटी जाडे पोहे, पाव वाटी धणे, दोन चमचे जिरे. घरोघरी थोडा फरक असतो. हे किलोवर न्यायचं तर पहिल्या तीन जिन्नसांचं काम सरळ आहे. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, सगळे दाणे घट्ट बसणारे. माझ्या वाटीत प्रत्येक सव्वाशे ते एकशेतीस ग्रॅम भरतो. त्यामुळे चारास दोनास एक हे वाटीचं प्रमाण काट्यावरही तसंच राहतं: दोन किलो तांदूळ, एक किलो हरभराडाळ, अर्धा किलो उडीदडाळ. अनेक वर्षं बायकांनी वाटीचे किलो करून फराळ विकला आणि तो जमला, त्यामागचं कारण हे आहे.

पण त्याच दमात पोहे आणि धणे मोजले की तोल जातो. धणे हलके, आत पोकळ. वाटीभर धणे पन्नास ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पाव वाटी धणे बारा-तेरा ग्रॅम. तांदळाचा हिशेब धण्यांना लावून वाटी म्हणजे सव्वाशे ग्रॅम धरलं तर पाव वाटीचे तीस ग्रॅम होतात, अडीच पटीच्या जवळ, आणि चकलीला धण्यांचाच वास येतो. पोह्यांचंही तसंच. वाटीभर जाडे पोहे डाळीच्या निम्मेही भरत नाहीत.

मावशी धाराशिवकडच्या. त्या डाळ भाजता भाजता म्हणतात, “ताई, आमच्याकडं काटा कुठला? आदुलीनं ज्वारी मोजायची, चिपट्यानं डाळ.” त्यांच्या बोलण्यातून जुनी सगळी उतरंड समोर उभी राहते: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली (मावशींची आदुली), दोन अधोल्यांची पायली. सगळं दुपटीत. अक्षर न येणाऱ्या माणसालाही अर्धं करता येतं, दुप्पट करता येतं, एवढ्यावर हे माप उभं होतं. धान्याचं प्रमाण राखायला ते चोख होतं, कारण एकाच मापाने सगळं मोजलं जाई. गाव बदललं की मात्र शेर बदले.

बारानंतर भाजलेलं धान्य थंड करून गिरणीत. गिरणीवाला किलोवर दळणावळ घेतो. भाजताना ओल उडून जाते, म्हणून गिरणीत नेतानाच वजन कमी भरतं, आणि दळताना जात्यात थोडं राहतं ते वेगळं. विक्रीची किंमत ठरवताना ही घट धरली नाही तर फराळ करून तोटा होतो.

दीड

जेवण. जेवताना माझ्या कपाटातली जुनी पुस्तकं डोळ्यासमोर असतात. मराठीत पाककृतींचं छापील पुस्तक फार लवकर आलं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं आहे. त्या काळचा स्वयंपाक शेर, पावशेर, तोळ्यांत चाले. शेर म्हणजे किती, हा प्रश्न आज तसली जुनी पाककृती करून बघणाऱ्याला अडवतो. मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि शेर त्याचा चाळिसावा भाग, म्हणजे जेमतेम ३१७ ग्रॅम. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर मात्र ९३३ ग्रॅमचा. एकाच नावाच्या दोन मापांत जवळजवळ तिपटीचा फरक. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापं आली, ऑक्टोबर १९५८ पासून ती बाजारात उतरू लागली आणि १९६२ मध्ये सक्तीची झाली. माझ्या आजीच्या पिढीला पावशेर सोडून पाव किलो शिकावा लागला. २३३ ग्रॅमचे अडीचशे झाले.

मग १९७० च्या सुमारास कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि मराठी घरात वाटी-चमचा हे माप कायमचं रुजलं. मला त्या पुस्तकाचा फार आदर आहे. तेव्हा किती घरांत काटा होता? वाटी प्रत्येकीकडे होती. प्रमाण वाटीत सांगितलं की नवी सूनही न घाबरता पदार्थ करी. चार माणसांच्या स्वयंपाकासाठी याहून चांगली पद्धत मला अजूनही सुचत नाही.

अडीच

चकल्या. आता धान्य पीठ झालेलं आहे, आणि पीठ झालं की सकाळचा नियम संपतो. किलोभर डाळतांदूळ सव्वा लिटरच्या आतच मावतात. त्याच धान्याचं पीठ चाळल्यावर पावणेदोन लिटरच्या वर जातं, कारण कणाकणांत हवा शिरते. वाटीभर तांदूळ सव्वाशे ग्रॅम, वाटीभर भाजणी पंचाऐंशीच्या आसपास. तीही चाळून हलक्या हाताने भरली तर कमी आणि दाबून भरली तर शंभराच्या जवळ.

घरी आपण दोन वाट्या भाजणीला एक वाटी पाणी उकळून घेतो. दोन वाट्या पीठ म्हणजे १७० ग्रॅम, एक वाटी पाणी म्हणजे १५० ग्रॅम. वजनात पाणी पिठाच्या निम्मं नसून जवळजवळ नऊ दशांश आहे! किलोभर भाजणीला पाणी पावणेनऊशे मिली लागतं. ‘दोनास एक’ घोकून कुणी किलोला अर्धा लिटर घालेल तर उकड कोरडी राहील, सोऱ्यातून चकली तुकड्यांनी पडेल, आणि दोष भाजणीला दिला जाईल. गणपतीत उकडीच्या मोदकांचं असंच होतं. वाटीभर पिठीला वाटीभर पाणी हे खरं, पण किलोभर पिठीला लिटरभर पाणी हे साफ चूक. दीड लिटरच्या पुढेच जावं लागतं.

मोहनाचं तेल मी चमच्याने घालत नाही. आमटीचा, पोह्याचा, चहाचा असे चमचे घरात निरनिराळे असतात. छापील पाककृतीतला मोठा चमचा १५ मिलीचा, लहान ५ मिलीचा. मोठ्या चमच्यात तेल चौदा ग्रॅमच्या जवळ. एका घाण्याला चमचाभर तेल जास्त झालं की चकली कढईत विरघळते, कमी झालं तर दगडासारखी होते. इथे काट्याशिवाय मला चैन पडत नाही.

चार

बेसनाचे लाडू. बेसन, साजूक तूप, पिठीसाखर. तीनच जिन्नस, आणि तिन्ही वाटीला फसवणारे. तूप पातळ असेल तर वाटी पूर्ण भरते, १३५ ग्रॅमच्या आसपास. थंडीत थिजलेलं, रवाळ तूप चमच्याने वाटीत टाकलं की मध्ये पोकळ्या राहतात आणि वजन कमी भरतं. नोव्हेंबरच्या सकाळी आणि दुपारी त्याच वाटीत वेगवेगळं तूप मावतं. साखरेचं तर आणखी. वाटीभर दाणेदार साखर १२५ ग्रॅम, वाटीभर पिठीसाखर ७५. एक वाटी साखर दळून घेतली आणि एक वाटी पिठीसाखर घेतली तर गोडीत पन्नास ग्रॅमचा फरक पडतो. अनेकींच्या वहीत नुसतं ‘साखर १ वाटी’ लिहिलेलं असतं आणि आधी दळायची की नंतर हे लिहिणारीलाच माहीत असतं.

मी आईचं प्रमाण एकदा तिच्याच हाताने मोजून घेतलं. ती वाटी भरत गेली, मी प्रत्येक वाटी काट्यावर ठेवत गेले. तिने बेसन भरताना वाटी ओट्यावर दोनदा आपटली. ती आपटण्याची सवय कुठल्याच वहीत नव्हती, पण ग्रॅममध्ये उतरली. तेव्हापासून लाडू दर घाण्याला सारखा वळतो.

साडेपाच

चिवडा आणि भरणी. पातळ पोहे म्हणजे नुसती हवा. माझ्या वाटीत जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम. किलोभर पोहे म्हणजे पस्तीस-चाळीस वाट्यांचा ढीग. मीठ मी पोह्यांच्या वजनावर ठरवते आणि तोलून घालते, कारण बारीक मिठाचा लहान चमचा सहा ग्रॅमच्या आसपास आणि जाड्या मिठाचा त्याहून कमी.

अर्धा किलो चिवड्याची पिशवी किलोभर लाडवांच्या डब्यापेक्षा मोठी दिसते. गिऱ्हाईक कधी कधी लाडवांचा डबा लहान बघून कुरकुरतं. तेव्हा मी डबा उघडून समोर काट्यावर धरते. भरताना आधी रिकामा डबा काट्यावर, मग शून्य, मग माल. डब्याचं वजन मालात धरू नये हा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी तेच योग्य होतं.

सात

कोकणे चौकापासून इथपर्यंत गाड्यांची रांग असते, हिंजवडीतून परतणारे सगळे याच वेळी येतात. अर्धा किलो चकली, पाव किलो शंकरपाळे, परदेशी पाठवायचा पाच किलोचा एकत्र फराळ. कुरिअर वजनावर पैसे घेतं आणि फार हलक्या, मोठ्या खोक्याला आकारमानावर. म्हणून मी सांगते, परदेशी चिवडा कमी पाठवा, लाडू जास्त.

नऊ

जर्मनीतल्या भाचीचा फोन. तिच्याकडे दुपार. “मावशी, यंदा मी स्वतः करणार लाडू. वाटीत नको सांगूस, ग्रॅममध्ये सांग. माझ्याकडे वाटी नाही, काटा आहे.” तिकडे साध्या केकची कृतीही ग्रॅममध्ये असते. तिची मैत्रीण अमेरिकेत, तिच्याकडे काटा नाही, कप आहेत. अमेरिकेचा कप २४० मिलीच्या जवळचा, ऑस्ट्रेलियाचा २५०, आणि भात शिजवायच्या जपानी कुकरबरोबर येणारा १८० चा. माझ्या दीडशेच्या वाटीला यातला एकही जुळत नाही. एकाच कपाने सगळं मोजलं तर प्रमाण सांभाळलं जातं. पण अर्धी कृती कपात आणि अर्धी पाकिटावरच्या ग्रॅममध्ये केली की सगळं बिघडतं. भाचीला मी सांगितलं: बेसन अर्धा किलो, पातळ केलेलं साजूक तूप अडीचशे ग्रॅम, आणि पिठीसाखर साडेतीनशे. साखर बेसन कोमट झाल्यावर, आधी नाही. बेसन कधी उतरवायचं हे मात्र कुठल्याच काट्यावर दिसत नाही. व्हिडिओ कॉल चालू ठेव म्हटलं, रंग मी बघते.

दहा

भांडी लागली, शटर खाली. वहीत आजचं लिहायचं: भाजणी किती गेली, पीठ किती आलं, चकली किलोमागे तेल किती प्यायली. दिवाळी झाली की एका दुपारी तुम्हीही एवढं करा. घरात ज्या वाटीने स्वयंपाक मोजला जातो ती वाटी काट्यावर ठेवा. पाणी भरून तिचं माप घ्या, मग तांदूळ, कणीक, बेसन, साखर, रवा, तूप एकेक करून तोला आणि आकडे आईच्या पाककृतीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आई असेल तर वाटी तिलाच भरू द्या.